भागीवयनीचा देवचार

भागीवयनी गेली त्या सकाळी मी कारापूरच्या तिठ्यावर चहाच्या गाड्याशी उभा राहून लोकांना हसवत होतो. विषय नेहमीचाच, म्हणजे मी. आदल्या दिवशी पदेराकडनं, म्हणजे पाववाल्याकडनं, उंडा घेतला, चावून बघितला, कडक लागला म्हणून त्याच्या पाटीत परत टाकला, आणि तो सायकल मारत पुढच्या वाड्यावर गेल्यावर कळलं की माझी खालची कवळी उंड्याबरोबरच गेली… एवढ्यावर सांगून झालं होतं आणि फोन वाजला. पुतण्याचा होता. म्हणाला, "काका, आई गेली." मी मटकन बाकावर बसलो आणि रडायला लागलो. तर लोक आणखी हसायला लागले. त्यांना वाटलं, गोष्टीचा पुढचा भाग चालू झाला. चहावाला म्हणाला, "अरे गोयंदा, दातांसाठी एवढा रडतंस?" मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने ऐकलं आणि स्टोव्ह बंद केला. तेव्हा कुठं सगळे गप्प झाले. आयुष्यभर लोकांना हसवलं त्याचं हे फळ मला मिळालं. एकदाच खरा रडलो, आणि त्यालाही लोकांनी दाद दिली.

मला लिहिता येत नाही. शाळेत मी एकदा नाव घालायला गेलो आणि एकदा विसरलेली पाटी आणायला. हे मी बोलतोय आणि पुतण्याची बायको, आमची सूनबाई, लिहून घेतेय. ती मध्येच हसते आणि मध्येच थांबून जनेलातनं बाहेर बघते. तेवढ्या जागी तिने टिंबं दिलीत ती समजून घ्या.

भागीरथी हे तिचं नाव. माझ्या थोरल्या भावाची बायको. गोवा मुक्त झाल्यावर थोड्या वर्षांनी पेडण्याकडच्या गावातनं लग्न होऊन ती आमोण्याला आली. मी तेव्हा लहान, नाक पुसायची अक्कल नव्हती. घरात पाऊल टाकल्यावर तिने पहिलं मला बघितलं आणि सासूला विचारलं, "हेका नाक असा काय मांडवी?" सगळं घर हसलं. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून मी तिचा झालो. आई लवकर गेली, मग मला वाढवलं तिनेच. मारलंसुद्धा तिनेच, आणि दोन्ही कामं मन लावून केली.

आमचं शेत नदीच्या काठाला, खाजनातलं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. भरतीला मांडवीचं पाणी आमच्या शेतापेक्षा उंच चढतं. पाण्याच्या आणि भाताच्या मधे फक्त मातीचा बांध. बांधाला भगदाड पडलं की खारं पाणी आत, आणि एकदा शिरलं की पुढची काही वर्षं तिथं धड गवत येत नाही. म्हणून जुनी रीत अशी की बांध फुटल्याची हाक आली की घरटी एक माणूस, असेल ते काम टाकून, पाटी घेऊन बांधावर हजर. शेत कोणाचं ते बघायचं नाही. एकदा दादा, म्हणजे माझा भाऊ, तापाने झोपला होता म्हणून आमच्या घरचा माणूस म्हणून मी गेलो. चिखलाची पाटी घेऊन जोरात निघालो, घसरलो आणि थेट भगदाडात जाऊन बसलो. उठायला गेलो तर वयनी वरनं ओरडली, "उठू नको रे गोयंदा! पाणी थांबला!" मग माझ्या भोवतीनं माती भरली, फांद्या टाकल्या आणि अगदी शेवटी मला ओढून काढलं. माझा हा भाग एवढा उपयोगी पुन्हा कधी पडला नाही.

त्या दिवसांत डोंगरातला खनिज माल बायका पाटीनं वाहायच्या. वयनीसुद्धा शेतातलं काम नसलं की जेटीवर जायची. संध्याकाळी लालेलाल होऊन यायची, केससुद्धा लाल. माल बार्जवर चढायचा, बार्ज नदीतनं वास्कोला, तिथनं मोठ्या जहाजात आणि जहाज जपानला. वयनी पाय धुताना म्हणायची, "आमचो डोंगर बघ कसो आगबोटीत बसून परदेशात गेलो. आमका कोणी तिकीट काढून दिला नाय." पुढं यंत्रं आली, पाट्या गेल्या, बायका घरी बसल्या. मला मात्र त्याच धंद्यात नोकरी लागली. बार्जवर कुक. मला स्वैपाक येत नव्हता, पण ते मालकाला जेवल्याशिवाय कसं कळणार? आणि मालक काही बार्जवर जेवायला येत नव्हता.

वास्कोला बार्ज जहाजाच्या कुशीला लागायची तेव्हा वरनं परदेशी खलाशी वाकून बघायचे. एकदा एकाने दोरीला बाल्दी बांधून खाली सोडली आणि हाताने तोंडाकडे खूण केली. मी घाबरून बाल्दीत आमची सगळी भाकरी, उंडे आणि हिरव्या मिरच्या टाकल्या. वर ओढून त्यांनी ते उभ्या-उभ्याच खाल्लं. बाल्दी परत आली तर आत एक साबण आणि एक फोटो. फोटोत पत्र्याचं घर, नदी, आणि दारात एक बाई. फोटो फक्त बघायला दिला होता, ते मला कळलं नाही. मी खिशात घातला. वरनं तो माणूस एवढा ओरडला की मी नदीत पडणार होतो. फोटो परत पाठवला, साबण ठेवला. आमच्या बार्जवरच्या क्लार्कला इंग्लिश येत होतं. तो त्यांच्याशी बोलून म्हणाला, एकच गंज घासायला तीन देशांची माणसं आहेत, आणि ज्याचा देश गरीब त्याला पगार कमी. ब्रश एकच, गंजही एकच…

घरी येऊन हे वयनीला सांगितलं. ती भात निवडत होती. म्हणाली, "जहाज कोणाचा ता?"

म्हटलं, "मालक एका देशाचा, वरचा बावटा दुसऱ्या देशाचा, माल आमचा, जाणार तिसरीकडे."

"आणि घासणारे?"

"ते आणखी भलतीकडचे."

तिने सूप खाली ठेवलं. "मगे त्यांच्यात पण आमोणा असा," म्हणाली. "थंय पण कोणाचो तरी बांध फुटत असतलो."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. मला सगळंच विनोद वाटायचं.

मग चीनचे दिवस आले. आधी जपानवाले चांगला माल तेवढा घ्यायचे, हलका माल खाणीवाले डोंगराच्या कडेला फेकून द्यायचे. वर्षानुवर्षं पडलेले ते ढिगारे. त्यावर झाडं उगवली होती, गुरं चरत होती. चीनवाले म्हणाले, तोही द्या. झालं! कचऱ्याचं सोनं झालं. दिवसरात्र ट्रक, दिवसरात्र बार्ज. टीव्हीवर एक माणूस सारखा सांगायचा की जग जवळ आलं. खरंच आलं, पण प्रत्येकाच्या वेगवेगळं जवळ आलं. ज्यांच्या बार्ज होत्या त्यांच्या बंगल्याला वरचा मजला आला, मग त्याच्यावर आणखी एक. आमच्या घराला नवीन टीव्ही आला, त्या माणसाला बघायला. आणि वयनीच्या शेताला लाटा आल्या. कारण ज्याच्या जास्त फेऱ्या त्याला जास्त बक्षीस, त्यामुळे आमचे तांडेल, म्हणजे बार्ज हाकणारे, ती अशी पळवायचे की वळणावर नदी उचलून बांधावर आपटायची. रोज थोडी माती सुटायची. आणि हाक मारली तर घरटी एक माणूस कुठनं येणार? घरटी एक माणूस ट्रकवर, नाहीतर बार्जवर. मीच तर बार्जवर! म्हणजे बांध फोडायला आमच्या घरचा दीर, आणि बांधायला आमच्या घरची वयनी.

दादा तोवर वारला होता. ती एकटीच पाटी घेऊन जायची. मी म्हणायचो, "वयनी, कित्याक त्रास? तांदूळ दुकानात मिळता." ती म्हणायची, "दुकानात येता खंयसून? दुकानाक बांध असा काय?" त्या शेतात ती कोरगूट लावायची, खाऱ्या जमिनीतही तग धरणारं लाल भात. त्याचं बी दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं. एक वर्ष खारं पाणी भरलं तर बी संपलं. तिला भीती होती ती त्याची. मी तेव्हा ती समजून घेतली नाही. मला फक्त बक्षिसातनं एक मोबाईल मिळाला होता, आणि त्याच्यावर मला कोणी फोन करत नव्हतं.

वाड्यावरच्या बायका घेऊन ती कंपनीच्या ऑफिसातही जाऊन आली. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "बसूक कदेलां दिली, चाय दिली, बघतो म्हणान सांगला." पुन्हा गेली, तेव्हा कदेल मिळाली नाही. तिसऱ्या वेळी चहाही नाही. मग ती जायची थांबली. मला वाटलं, हरली. मी तिला बरं वाटावं म्हणून एक गोष्ट सांगितली, माझीच. ती हसली नाही. घरात मी सांगितलेल्या गोष्टीला ती हसली नाही असं ते पहिल्यांदाच.

थोड्या दिवसांनी आमची बार्ज भरून निघाली होती. तांडेल जयराम, वेंगुर्ल्याकडचा, चांगला सहा फुटी माणूस. चाकावर उभ्या-उभ्याच जेवायचा. त्या दिवशी मी खलाशांना काहीतरी सांगत होतो आणि त्या नादात आमटीत दोनदा मीठ घातलं. जयरामने कुलेर, म्हणजे चमचा, आमटीत बुडवून तोंडात घातली आणि चाक सोडून माझ्याकडे वळला, "गोयंदा, भायल्या समुद्राचा पाणी घातलंस काय रे?" तेवढ्यात बार्जचं नाक चिखलात. इंजिन गुरगुरतंय आणि आम्ही जागच्या जागी. वर बघतो तर समोर आमच्याच शेताचा बांध, आणि बांधावर एक मोठी काळी धोंड. तिला शेंदूर, वर लाल जास्वंद, पुढं पणती, आणि पणतीशेजारी एक बिडी.

बिडी म्हणजे देवचार! ती त्यालाच वाहतात. सीमेची राखण करणारा, रात्री काठी आपटत फिरणारा. मान दिला तर वाट दाखवतो, नाही दिला तर वाट चुकवतो. जयरामने हात जोडले आणि मला विचारलं, "ह्यो देवचार हंय कधीसून?"

मी तर आमोण्यातच जन्मलेला. मला माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी छाती काढून म्हटलं, "पूर्वीपासून!"

एवढंच मी बोललो. पुढचं सगळं आपोआप झालं. भरती येईपर्यंत बार्ज चिखलात रुतून राहिली, आणि त्या वेळात मागून येणाऱ्या प्रत्येक बार्जला जयरामने ओरडून सांगितलं की देवचाराने धरलंय. माझ्या मिठाचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या वळणावर एकजात सगळे तांडेल इंजिन मंद करायला लागले. कोणी नारळ ठेवतोय, कोणी रोट, म्हणजे देवचाराची जाड भाकरी. मी सगळ्यांत मोठा भक्त, कारण तो पूर्वीपासून आहे असं मीच म्हटलं होतं. मी अर्धी बाटली फेणी वाहिली. ती वाहताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही बघणाऱ्यांना भक्तीचं वाटलं.

मग सुट्टीवर घरी आलो. कपड्यांचं बोचकं घेऊन विहिरीवर गेलो तर कपडे आपटायची धोंड जाग्यावर नाही. मोठी, काळी, कितीतरी वर्षांची. मी हाक मारली, "वयनी, धोंड खंय गेली गो?"

आतनं आवाज आला, "बांधार."

"बांधार काय करता?"

"वारो खाता."

मी बोचक्यावर बसलो. माझ्या सगळ्या पँटी, लहानपणापासूनच्या, ज्या धोंडीवर आपटल्या, तिच्यापुढं मी कान धरून उभा राहिलो होतो. अर्धी बाटली फेणी! वयनी बाहेर आली, माझं तोंड बघितलं आणि खांबाला धरून अशी हसली की शेजारणी धावत आल्या. मी म्हटलं, "तू लोकांका फसवलंस." ती म्हणाली, "मी कोणाक काय सांगलंय? धोंड ठेवलंय, फूल घातलंय, दिवो लावलंय. पूर्वीपासून असा म्हणान कोणी सांगला?"

मी बोचक्याची गाठ सोडायला लागलो. शेजारणी माझ्याकडे बघत होत्या.

मग हसू ओसरल्यावर ती पायरीवर बसली आणि जे बोलली ते मला तसंच्या तसं पाठ आहे. "गोयंदा, मी कंपनीक सांगूक गेलंय. कंपनी म्हणता, मालक सांगता. मालकाक इचारलां तर म्हणता, भाव परदेशातलो माणूस ठरवता, तो घाई करता. तो परदेशातलो माणूस कसो दिसता? कोणी बघलो? कोणी नाय. पण सगळे त्येका भियतत, त्येच्यासाठी पळतत, आणि माझो बांध फुटता. मगे मी पण एक तसोच उभो केलंय. कोणी बघूक नाय, पण सगळे भियतले. त्येचो एक, माझो एक."

मला तेव्हा फक्त फेणी आठवत होती. आता ते बोलणं आठवतं…

फेऱ्या मागं पडायला लागल्या. भरतीची वेळ चुकायची, वास्कोला जहाज थांबून राहायचं. कंपनीने एक मॅनेजर पाठवला. टाय लावलेला, माणूस सभ्य. आमच्याच बार्जवर आला, तांडेलांना गोळा करून अंधश्रद्धेवर बोलला. छान बोलला. मी त्याला बसायला कांद्याचं पोतं दिलं. ते फाटकं होतं हे मला तो बसल्यावर आठवलं. कांदे गडगडत चारी दिशांना गेले आणि मॅनेजर हळूहळू खाली खाली जात भाषण देत राहिला. तरी रागावला नाही.

वळण आलं. तो म्हणाला, "मंद करायचं नाही. फुल स्पीड."

जयराम चाकापासून बाजूला झाला. "सायबानू, तुमी धरा."

मॅनेजरने चाकाकडे बघितलं, मग बांधाकडे. वयनी तिथंच होती, गुडघाभर चिखलात, सुटलेल्या मातीवर फांद्या रचत. त्याने मोठ्याने विचारलं, "आजी, खरं सांगा, हा देवचार कधीपासूनचा?"

मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, पूर्वीपासून म्हण, वयनी, पूर्वीपासून म्हण…

"देवचार नाय रे बाबा," ती म्हणाली. "धोंड असा. आमचे कपडे धुवची. देवचार असतो तर माका ह्या चिखलात कित्याक रवूचा लागला असता?"

बार्जवर इंजिनाचा तेवढा आवाज. मला वाटलं, सगळं संपलं, बांध गेला, बी गेलं. मी जयरामकडे बघितलं. तो धोंडीकडे बघत होता. कितीतरी दिवस ज्याला हात जोडले त्याला आता धोंड कोण म्हणणार? तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "म्हातारेक काय म्हायत? इलेलो असतलो तो मागाहून धोंडीत."

आमच्याच लाटेने बांधाचा एक तुकडा सुटला आणि डुबकन पाण्यात पडला. वयनीने त्याच्याकडे बघितलंही नाही, पुढची फांदी उचलली. "तुझो गाव खंयचो?" तिने विचारलं.

"पेडण्याकडचा," तो म्हणाला.

"माहेरचो मगे माझ्या! शेत असा तुमचा?"

"होतं." मग म्हणाला, "आता तिथं हॉटेल आहे. परदेशी लोक येतात. वडील रोज संध्याकाळी त्या बाजूला फिरायला जातात… गेटवरचा माणूस आत सोडत नाही."

वयनीने हातातली फांदी खाली ठेवली. नुसती त्याच्याकडे बघत राहिली, जशी मी पडून आल्यावर माझ्याकडे बघायची तशी. मॅनेजरने टाय सैल केला, जयरामला म्हणाला, "हळू घ्या." आणि खिशातली सिगारेट काढून वाकून, लांब हात करून, धोंडीच्या दिशेने बांधावर टाकली. मी स्वतः बघितली. परदेशी होती.

ऑफिसात जाऊन त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण महिनाभरात वळणावर एक पाटी लागली. मी तिला चांगले दोन पावसाळे साबणाची जाहिरात समजत होतो. नंतर कळलं, तिच्यावर लिहिलेलं होतं, बार्ज हळू चालवा. ती पाटी पुढं पुरात वाहून गेली. धोंड अजून आहे.

त्या वर्षी कोरगूट असं आलं की बांधावरनं बघितलं तर लाल-सोनेरी चादर. वयनीने बी ठेवलं आणि शेजारच्या शेतांनाही वाटलं. मग एक दिवस चीनवाल्यांनी भाव पाडले, पुढं खाणीच बंद पडल्या. आम्हाला कारण नीट कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं. एवढं कळलं की ज्यांचे बंगले वाढले होते ते वाढलेलेच राहिले, त्यांचा एकही मजला कोणी उतरवून नेला नाही. आम्ही मात्र एका रात्रीत खाली आलो. कारापूरला ट्रक रांगेत उभे, चाकांत गवत. मी पिशवी घेऊन घरी. लाजेनं मागच्या दाराने शिरलो. मीच तिला म्हणालो होतो ना, तांदूळ दुकानात मिळतो. तिने लाल भाताची पेज वाढली, वर लोणचं ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या हातचा खाऊन तुझा पोट खराब झाला असतला. जेव." तेवढाच टोमणा. पुढं बांध फुटल्याची हाक आली तेव्हा घरटी एक नाही, घरटी दोन माणसं आली, कारण सगळेच घरी होते. आणि त्या गर्दीत तिने सगळ्यांत आधी माझ्याकडे बोट दाखवलं. "हेका भगदाडात बसवा रे, हेचो अनुभव असा!"

नंतर बार्ज पुन्हा चालू झाल्या, थोड्या. तोवर मी म्हातारा झालो होतो. नवीन तांडेल, नवीन खलाशी, किती तरी लांबच्या मुलखातले. वयनीच्या कमरेत बाक आला होता, पण दिवेलागणीला पणती तीच लावायची. अगदी जायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. ती कुठे हरून गेली नाही. स्वतःच्या शेतातला भात खाऊन, स्वतःच्या घरात, झोपेत गेली.

आणि ती गेली त्या संध्याकाळी अडचण झाली ती अशी. आम्हाला सुतक. आमचा वाडा सगळा एकाच भावकीचा, त्यामुळे सुतक सगळ्यांनाच. देवाला दिवा कोणी लावायचा? बांधावर पहिल्यांदा अंधार. आम्ही ओसरीवर बसलेलो, आणि एक बार्ज वळणावरनं गेली ती भरधाव. बांधावर पाणी आपटल्याचा आवाज घरापर्यंत आला. पुतण्या उठला आणि परत बसला. मी म्हटलं, "अरे, ती कपड्यांची धोंड! तिला सुतक कसलं? उद्या मी लावतो." दुसऱ्या संध्याकाळी काडेपेटी घेऊन उठलोसुद्धा. अंगणापर्यंत गेलो. पुढं पाय उचलेना. ज्या धोंडीवर माझ्या पँटी आपटल्या तिला सुतकात हात लावायची माझी छाती झाली नाही. मी परत येऊन बसलो. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात नदीवर इंजिनाचा आवाज मंद झाला. बार्ज बांधाला लागली. एक मोठा बाप्या खाली उतरला, हातात तेलाचा डबा. त्याने पणती पुसली, तेल घातलं, वारा अडवून काडी ओढली. दिवा लागला. मग आमच्या ओसरीकडे बघून त्याने हाक मारली, "माई किधर है? कल अंधेरा था!"

मला येत होतं तेवढं हिंदीसुद्धा आठवेना. मी हात वर केला, आकाशाकडे. त्याला समजलं. तो बार्जवर चढला, आणि बार्ज इतकी हळू गेली की पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही. त्यानंतर सुतकात एकही संध्याकाळ अंधार पडला नाही. कधी ही बार्ज, कधी ती.

सुतक फिटल्यावर सूनबाई तेल घेऊन निघाली, मागनं मी. बांधावर पोचलो तर दिवा आधीच लागलेला. ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी धोंडीच्या अगदी पुढ्यात, नदीकडे तोंड करून बसलो, दम लागला होता म्हणून. समोरनं एक भरलेली बार्ज आली, वळणावर मंद झाली, आणि वरच्या सगळ्या माणसांनी हात जोडले. धोंडीला. पण मी मधे होतो. जन्मात मला कोणी हात जोडले नव्हते, आता एकदम पूर्ण बार्जने जोडले. उठून बाजूला व्हायला पाहिजे होतं… मी नाही उठलो. मान हलवली आणि तो नमस्कार वयनीच्या वतीने घेतला.